खांदेरीचा दिवा आणि आमचा कापूस

१८६७ साली दोन कामं तडीस गेली. मुंबईहून निघालेले जीआयपी रेल्वेचे रूळ भुसावळ, बडनेरा करत नागपूरला येऊन पोचले. आणि मुंबई बंदराच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरी बेटावर त्याच वर्षी दीपगृहाचा दिवा लागला. पहिली गोष्ट नागपूरच्या इतिहासात येते, दुसरी रायगड जिल्ह्याच्या. दोन्ही इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले असतात, म्हणून त्यांची तारीख कुणी शेजारी मांडून पाहत नाही. मला त्या एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. दीपगृह ज्या खडकावर उभं असतं त्या किनाऱ्याइतकंच ते आतल्या, समुद्र न पाहिलेल्या मुलखाचंही असतं, आणि विदर्भातल्या माणसानं खांदेरीला जावं ते परक्याच्या घरची शोभा पाहायला म्हणून जाऊ नये, आपलं काही तिथं आहे म्हणून जावं, असं माझं म्हणणं आहे. गेटवेहून मांडवा, मांडव्याहून थळ, थळहून खांदेरी आणि संध्याकाळी अलिबाग, असा हा एका दिवसाचा फेरा आहे. त्या वाटेवरच या म्हणण्याचे पुरावे सापडतात आणि त्यावरचे आक्षेपही तिथंच भेटतात.

नागपूरला समुद्र नाही हे आपण फार सहज बोलून जातो. आमच्याकडे पाणी म्हणजे अडवलेलं पाणी. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, रामटेककडचं खिंडसी. बांध घातला, पाणी थांबलं, आणि मग फुटाळ्याच्या काठाला हौसेनं चौपाटी म्हटलं. पाणी दिवसातून दोनदा निघून जातं आणि दोनदा परत येतं, ही गोष्ट आमच्या अंगवळणी पडलेली नाही. पण इतिहास पाहिला तर नागपूरला समुद्र होता. १७५१ च्या तहानं ओडिशा रघूजी भोसल्यांकडे आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत बालेश्वर, कटक, पुरीचा किनारा नागपूरच्या राज्यात राहिला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ. भोसल्यांनी त्या किनाऱ्याचा महसूल घेतला, पण आंग्र्यांसारखं आरमार उभारलं नाही. महानदीच्या मुखाशी फॉल्स पॉइंटला १८३८ मध्ये दीपगृह झालं, तेव्हा तो किनारा इंग्रजांकडे जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. समुद्र हातात असून त्याच्याकडे पाठ करून बसण्याची ही सवय जुनी आहे, आणि माझ्या मते तीच आजही आमच्या बोलण्यातून डोकावते. खरं तर झिरो माइलची १९०७ सालची खूण समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट उंच, असं आपण अभिमानानं सांगतो तेव्हाही मोजणी समुद्रापासूनच सुरू झालेली असते. ती समुद्रसपाटी ठरवायला देशातल्या ज्या बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजली गेली, त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

त्याच अपोलो बंदरावरून, म्हणजे गेटवेच्या पायऱ्यांवरून, मांडव्याची लाँच सुटते. थंडीच्या दिवसांत लाँचच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि प्रवासी त्यांना गाठी-कुरकुरे भिरकावत राहतात. सगळे फोन त्या पक्ष्यांवर रोखलेले असतात, त्यामुळे उजव्या हाताला जे उभं आहे ते फारसं कुणी पाहत नाही. कुलाब्याच्या टोकापुढं समुद्रात घुसलेल्या खडपावर प्राँग्ज दीपगृह आहे, ४१ मीटर उंचीचं. अलीकडे संक रॉकचं १८८४ चं, ठेंगणं. प्राँग्ज १८७५ मध्ये टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्यानं बांधलं, आणि त्याला ६ लाख २० हजारांवर रुपये खर्च आला. त्या काळात एवढी रक्कम एका खडपावर कुणी शोभेसाठी ओतत नाही. तेच वर्ष ससून डॉकचंही आहे. दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, बंदर चालवायला पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला होता. त्याच्याआधी १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. आणि त्या सगळ्या काळात कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या. कापसाचा बाजार शिवडीला गेला तो पुष्कळ नंतर, विसाव्या शतकात. म्हणजे प्राँग्जच्या दिव्याच्या उजेडात जे जहाज बाहेर पडत होतं त्याच्या पोटात काय होतं, याचं उत्तर कुलाब्याच्या त्या मैदानावरच मिळत होतं.

त्या गाठी कुठून येत होत्या? सगळ्या विदर्भातून नव्हेत. गुजरात, खानदेश, धारवाडचा कापूसही मुंबईलाच यायचा. पण लिव्हरपूलच्या बाजारात भारतीय कापसाची जी नावं रोज पुकारली जात, त्यांत अमरावतीच्या नावावरून पडलेलं 'उमरा' होतं आणि हिंगणघाटही होतं. वर्धा नदीच्या खोऱ्यातलं एक बाजारपेठेचं गाव इंग्लंडच्या दलालांच्या तोंडी बसावं, यातच त्या व्यापाराची लांबी कळते. रेल्वे येण्याआधी इकडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला, गंगेवर जायचा आणि तिथून कलकत्त्याला. किंवा गाड्यांनी घाट उतरून मुंबईला. वाटेत पावसानं भिजायचा, धुळीनं माखायचा. रेल्वेनं ती वाट एकाच दिशेला वळवली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं खामगावला येऊन तिथल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं, त्यामागेही कापूसच होता. इथं कुणी म्हणेल, १८६७ हा योगायोग आहे. दिवा लावणाऱ्यांनी काही नागपूरच्या गाडीची वाट पाहिली नव्हती. हे खरं आहे. शिवाय अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ लाच संपलं होतं, कापसाचे चढे भाव कोसळले होते, मुंबईतले कित्येक सट्टेवाले बुडाले होते. रूळ आणि दिवा दोन्ही तेजीच्या पाठीमागून, उशिरा आले. पण मला याच गोष्टीत जास्त अर्थ दिसतो. तेजीत माणसं पैसा लावतात तो चार महिन्यांच्या हिशेबानं. तेजी ओसरल्यावरही ज्यांनी रूळ टाकले आणि खडकावर दगडी मनोरा चढवला, त्यांना हा माल आता कायम याच वाटेनं जाणार हे कळून चुकलं होतं. त्याच सुमाराला रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त म्हणून नेमलेला होता. आत कापसाचा आयुक्त, मधे रूळ, टोकाला दिवा. एवढं जुळून आलेलं मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मांडव्याला उतरलं की आगराचा मुलूख लागतो: नारळ, सुपारी, मधेच भाताची खाचरं, आणि अलीकडच्या काळात मुंबईच्या धनिकांच्या बंगल्यांच्या उंच भिंती. भिंतींच्या या गल्ल्यांमधून जाताना किनारा जवळ असूनही दिसत नाही. नागपूरच्या जुन्या वस्तीत ओट्यावर बसलेला माणूस वाटसरूला 'कुठले जी तुम्ही?' असं विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. इथल्या कोळी-आगरी गावात तशी विचारपूस नाही. त्याला मी तुसडेपणा म्हणणार नाही. ज्यांच्या दारात हजार वर्षं परकी गलबतं लागत आली, त्यांना अनोळखी माणसाचं अप्रूप कसलं? प्रश्न कमी, पण पानात वाढताना हात सढळ, अशी इथली रीत आहे. तांदळाच्या उकडीची भाकरी ओल्या हातावर फिरवत थापतात, परातीत पीठ घेऊन थापलेल्या आमच्या ज्वारीच्या भाकरीहून ती पातळ आणि मऊ निघते. सोबत आगरी-कोळी मसाल्याचं कालवण, त्यात नारळ आणि आंबटाला चिंच किंवा कोकम. सावजी रश्श्याची सवय असलेल्या जिभेला हा तिखटपणा सौम्य वाटतो. सावजीचाही या कहाणीशी धागा आहे. तो रस्सा हलबा कोष्ट्यांचा, म्हणजे नागपूरच्या विणकरांचा. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जिथं पिकतो तिथंच सूत निघावं या विचारानं. ती बंदही पडली, हातमाग त्याआधीच थकले, आणि अनेक विणकर घरांनी चुलीवर पोट भरायला खानावळी काढल्या. उलट बाजूनं पाहिलं तर विदर्भाच्या आठवडी बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील आजही मिळतात. शेतमजुराच्या भाकरीवर पडणारी चिमूटभर सुकट अशाच एखाद्या किनाऱ्यावर काठ्यांवर, चटयांवर वाळलेली असते. समुद्र आमच्या ताटात होता, आम्ही त्याला समुद्र म्हणून ओळखलं नाही, एवढंच.

थळच्या किनाऱ्यावर आलं की वेळ मोजायची पद्धत बदलते. होडी केव्हा सुटेल असं विचारलं तर तांडेल घड्याळाकडे पाहत नाही, पाण्याकडे पाहतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. आमच्याकडे तिथी उपासाला आणि मुहूर्ताला लागते, इथं ती होडी काढायला लागते. मे महिन्यात नागपूरकर दुपार चुकवतो, तसा थळचा माणूस ओहोटी चुकवतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग होड्या पाण्यात. गावाला लागूनच राष्ट्रीय केमिकल्सचा युरियाचा मोठा कारखाना आहे, त्याची धुराडी होडीतून बराच वेळ दिसत राहतात. अनेकांना ती धुराडी या देखाव्यात खुपतात. मला ती इथं असणं योग्य वाटतं, कारण हा युरिया राज्यभरच्या शेतांत जातो, त्यात कपाशीही आली. समुद्रकाठानं आतल्या मुलखाला दिलेली ती एक गोष्ट आहे. शिवाय कोळ्यांनाही अशा खुणा लागतात. मासळीची जागा ठरवायची तर किनाऱ्यावरचा डोंगर आणि त्याच्या अलीकडचं देऊळ किंवा झाड एका रेषेत धरायचं, दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा तशाच जुळवायच्या, जिथं दोन्ही रेषा मिळतील तिथं जाळं सोडायचं. या विद्येला दीपगृह नवं नव्हतं. मनोरा उभा राहिला तेव्हा खुणांच्या यादीत आणखी एक खूण आली, आणि ही अशी होती की जी रात्रीही दिसायची.

खांदेरीच्या अलीकडे उंदेरी लागते. दोन्ही बेटं इतकी जवळ की एकाच्या तोफेनं दुसऱ्याला गप्प करावं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारीनं खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा जीव खालीवर झाला. त्यांनी 'रिव्हेंज'सारखी मोठी जहाजं आणून वेढा घातला. दौलतखानाच्या हाताखालच्या छोट्या मराठी होड्या रात्री, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर सामान पोचवत राहिल्या, आणि ऑक्टोबरात त्यांनी इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबतच पकडलं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रज माघारी गेले. सिद्दीनं मात्र उंदेरी बळकावून तिथं आपले तट चढवले. १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले, तेव्हा बेट कान्होजी आंग्र्यांकडे होतं, आणि तेव्हाही त्यांना हात हलवत परत जावं लागलं. बेटाला होडी लागली की तट जवळून पाहावा. काळ्या दगडांचे ओबडधोबड चिरे पाण्याच्या कडेनं बेटाला वळसा घालतात, आणि तटाबाहेर ओहोटीत उघडे पडणारे मोठाले धोंडे पसरलेले आहेत. त्यांच्या अंगावर कालवांचे शिंपले घट्ट बसलेले, कडा वस्तऱ्यासारख्या. अनवाणी पाऊल टाकलं तर रक्त निघतं. चढून येणाऱ्या शत्रूसाठी यापेक्षा स्वस्त काटेरी कुंपण कोण घालणार? तटावर जुन्या तोफा आहेत, काही अजून त्यांच्या लोखंडी गाड्यांवर. खाली वेताळाचं देऊळ आहे. देव म्हणजे एक भली मोठी शिळाच. कोळी या वेतोबाला नवस बोलतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात गावाच्या शिवेवर वाघदेव बसवतात, तेव्हा गाव आणि जंगल यांची सीमा त्याच्या हवाली केलेली असते. खांदेरीच्या वेताळाकडे किनारा आणि खोल पाणी यांची सीमा आहे, असं मला त्याच्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं. बेटावर एक खडकही आहे, त्यावर दगड मारला की धातूसारखा आवाज येतो, आणि येणारा प्रत्येक जण तो वाजवून पाहतो.

आता पहिला मोठा आक्षेप. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी आहे. मग महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांनी आपल्या व्यापारासाठी ठोकलेला मनोरा हे आगंतुक नाही का? पेशवाई बुडाल्यावर बेट त्यांच्या हाती गेलं, आणि त्यांनी जिंकलेल्या गडाच्या माथ्यावर आपला खांब रोवला, असं कुणी म्हणालं तर त्यातला सल मला समजतो. पण गड आणि दीपगृह एकाच जागी का आले, हे विचारलं की चित्र पालटतं. महाराजांना हे बेट हवं होतं कारण दक्षिणेकडून मुंबईत शिरणारं प्रत्येक जहाज इथून दिसतं. इंग्रजांना दिवा इथंच हवा होता, कारण त्या प्रत्येक जहाजाला इथून दिसणं भाग आहे. दोघांनी समुद्राची एकच गोष्ट ओळखली होती. १६७९ ला तिच्यावरून लढाई झाली आणि १८६७ ला तिच्यावर दिवा लागला. वारशाचं जतन करताना मनोऱ्याला नंतरची भर म्हणून बाजूला सारलं, तर या बेटासाठी एवढं रक्त का सांडलं तेच पाहणाऱ्याला कळायचं नाही. तटाच्या आत उभं राहून शत्रूची जहाजं कुठून येत हे समजून घ्यायला मनोऱ्याचा माथाच सगळ्यात चांगला. बेटाला आज कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं आहे, ते दोन्ही गोष्टींना पेलणारं आहे. कान्होजी लढले आणि त्यांनी समुद्रावर दस्तकं देऊन वाहतूकही चालवली.

मनोरा अष्टकोनी, दगडी, भिंती जाड. वर चढून समुद्र पाहणं ही हल्लीच्या दीपगृह-सहलींची मुख्य गंमत. देखावा सुंदर आहे यात शंका नाही. पण दीपगृह वरून पाहायला बांधलेलं नसतं, दुरून दिसायला बांधलेलं असतं, आणि त्याची खरी करामत त्याच्या भिंगात असते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगाचा पहिला दिवा १८२३ मध्ये कॉर्दुआनला लागला. जाड काचेचा एकसंध गोळा वापरण्याऐवजी त्यानं काचेच्या कड्या एकाबाहेर एक रचल्या, प्रत्येक कडीला वेगळा कोन दिला, आणि वर-खाली वाया जाणारा उजेड वळवून क्षितिजाच्या दिशेला सरळ पाठवला. तेलाच्या एका वातीचा उजेड त्यामुळे मैलोगणती जायचा. मोठी भिंगं टनावारी वजनाची. ती पाऱ्यावर तरंगत ठेवत, म्हणजे एका बोटानंही फिरायची. आणि दिवसा त्यांच्याभोवती पडदे ओढायचे, कारण जी काच आतला उजेड बाहेर नेते तीच बाहेरचं ऊन आत गोळा करून आग लावते. रखवालदाराची पहाटेची पहिली कामगिरी म्हणजे हे पडदे. पाण्यापासून पन्नास मीटर उंचीवरच्या दिव्याला, पृथ्वीच्या गोलाईमुळे, सुमारे २५ किलोमीटरवर क्षितिज लागतं; खांदेरीची टेकडी आणि मनोरा मिळून साधारण तेवढी उंची भरते. जहाजावर पाहणाऱ्याची जागा पाण्यापासून उंच असेल तर आणखी दहा-अकरा किलोमीटर. ज्या खलाशाला एवढ्या लांबून तो दिसतो, त्याला दिव्याची उघडझाप मोजून हे बेट कोणतं ते ओळखता येतं, कारण आसपासच्या प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी ठेवलेली असते.

दुसरा आक्षेप तरुण मंडळी हमखास घेतात: आता उपग्रह आहेत, होडीतल्या कोळ्याच्या खिशातसुद्धा जीपीएस आहे, मग हे दिवे कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजच्या नौकानयनात दीपगृहाचं काम खरोखरच कमी झालं आहे. पण याच पाण्यात ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, प्राँग्ज दीपगृहाजवळ रुतली, शेकडो कंटेनर समुद्रात तरंगू लागले, तेल किनाऱ्यांना लागलं, आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. दोन्ही जहाजांवर आधुनिक साधनं होती. यंत्रावरचा ठिपका आणि डोळ्यांसमोरची खूण यांचा ताळा लागतो की नाही हे पाहायला दुसरं साधन हवंच. उपग्रहांचे संकेत मुद्दाम बिघडवण्याचे प्रकार जगातल्या अनेक समुद्रांत चालू आहेत. म्हणूनच १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला तरी दिवे विझवले गेले नाहीत. जुन्या कायद्यापासून आजतागायत भारतीय बंदरात येणाऱ्या जहाजाकडून दीपशुल्क घेतलं जातं, आणि जहाजवाला ते भाड्यात धरतो. म्हणजे बुटीबोरीत भरलेला कंटेनर असो की विदर्भातली रुईची गाठ, दिव्याच्या खर्चाचा वाटा ती उचलतेच. नेहरू बंदरानं वर्ध्याजवळ सिंदीला ड्राय पोर्ट हाती घेतलं तेव्हा बंदर शेकडो किलोमीटर आत शिरलं. मग बंदराचा दिवा तेवढा बाहेरचा कसा राहील?

सगळ्यात कठीण आक्षेप तिसरा, आणि तो आमच्याच मुलखातून येतो. हा दिवा ज्या व्यापाराला वाट दाखवत होता त्यानं विदर्भाला काय दिलं? कपाशीनं ज्वारीची शेतं खाल्ली, शेतकरी सावकाराच्या वहीत गेला, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत-वऱ्हाडात माणसं पटापट मेली. रूळ होते, बंदर होतं, दिवाही रोज लागत होता. पुढं नागपूर-भंडाऱ्याकडचं मँगनीजही असंच खणून समुद्रापार गेलं. अशा दिव्याबद्दल जिव्हाळा कशासाठी? माझं उत्तर असं की जिव्हाळा आधी नको, हिशेब आधी हवा. जो व्यापार आपल्याला लुबाडून गेला त्याची शेवटची पायरी कुठं होती हे न पाहता आपण कपाशीची शोकांतिका यवतमाळ-वर्ध्याच्या बांधावरच सुरू करतो आणि तिथंच संपवतो. जमिनीचा पोत, पाऊस, कर्ज, बियाणं, सगळं मोजतो. भाव मात्र हजारो मैलांवर ठरत आला, तो ज्या वाटेनं ठरायचा ती वाट आपण कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. खांदेरीच्या माथ्यावरून ती पसरलेली दिसते. आणि एक गोष्ट त्या काळातही व्यापाऱ्याच्या हातात नव्हती: अंधाऱ्या रात्री परतणाऱ्या थळच्या होडीला दिवा जहाजाइतकाच दिसायचा, तिच्याकडून कुणी शुल्क घेत नव्हतं. लुटीसाठी उभारलेल्या गोष्टी लुटीपुरत्या राहत नाहीत. आमच्या रेल्वेचंही तेच झालं, आणि आज कुणी नागपूरचं स्थानक परकं म्हणून मोडायला सांगत नाही.

संध्याकाळी अलिबागला आलं की कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीतून चालत जाणाऱ्यांची रांग दिसते. तिथंच जवळ भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहानं तिथल्या कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथं हलवली. होकायंत्राचा काटा कुठं आणि किती भरकटतो याची नोंद ठेवणारी ही जागा. प्रवासी तिच्या फाटकावरून पुढं जातात, ते मला दरवेळी खटकतं. बाजारात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. हा कांदा आणि आमचं संत्रं, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि दोघांचीही नावं सांगून बाहेरचा माल खपवणारे दोन्हीकडे आहेत. फरक बोलण्यात. नागपूरचा संत्रेवाला फोड सोलून हातात ठेवतो आणि मग भाव सांगतो. अलिबागची बाई भाव आधी सांगते, तिला घासाघीस आवडत नाही, आणि पटलं नाही तर ती सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी विकसित केल्याचं जाहीर केलं. उपाहारगृह, बाग, पाहण्याचा सज्जा, असं त्याचं सर्वसाधारण रूप आहे. याला माझा विरोध नाही. माणसं आली तर वास्तू टिकतात. माझी तक्रार आहे ती सज्ज्यावर थांबण्याबद्दल. दीपगृहाच्या पायथ्याशी एक नकाशा हवा, आणि त्यावर फक्त खाडी आणि खडप नकोत, तर इथून सुटलेला माल कुठून यायचा त्या वाटा हव्यात: हिंगणघाट, अमरावती, खामगाव, भुसावळ, कुलाबा. जुनी भिंगं आणि फिरवायची यंत्रं भंगारात न जाता तिथंच काचेआड राहायला हवीत, आणि ती कशी चालत हे हातानं फिरवून दाखवता यायला हवं. खांदेरीपर्यंत नेण्याचं काम थळच्या कोळ्यांकडेच राहायला हवं. जागतिक वारशाचा दर्जा आल्यावर बाहेरच्या ठेकेदाराच्या वेगवान बोटी आल्या आणि तांडेल किनाऱ्यावर बसून राहिला, तर मायनाक भंडारीच्या होड्यांचा वारसा नेमका कुणी सांभाळला म्हणायचं? विदर्भातल्या शाळांच्या सहली रायगड, अजिंठा, महाबळेश्वर करतात. त्यांत खांदेरीही यावी, आणि मुलांना नेण्याआधी त्यांना एकदा वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये नेऊन रुईची गाठ कशी दाबतात ते दाखवावं. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, आमच्या अजब बंगल्याची, स्थापना १८६३ ची, म्हणजे खांदेरीच्या दिव्याआधी चार वर्षांची. तिथं या वाटेचा नकाशा एका भिंतीवर लावायला फार पैसा लागणार नाही. तो मुंबई बंदर प्राधिकरण आणि नागपूरचं संग्रहालय यांनी मिळून करावा, आणि खांदेरीवरच्या नकाशाशी त्याची जोडी असावी.